आग्रहाची पंगत

काल्याचं कीर्तन संपत आलंय आणि मांडवाच्या मागं चुलवणावर आमटी रटरटतेय. बुवांचा आवाज भोंग्यातून गावभर फिरतो, आमटीचा वास त्याच्या मागोमाग जातो. धर्मापुरीत आज सप्ताहाची सांगता आहे. सकाळपासून घरोघरी पोळ्या लाटल्या गेल्या, त्याही मांडवासाठीच.

मांडवाचं कापड पांढरं आहे. ऊन त्यातून गाळून खाली येतं, पण वाऱ्याचं नाव नाही. बायांच्या बाजूला पदरानं वारा घेणं चाललंय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोळ्यांची थप्पी लागलीय, तिच्यावर ओलं धोतर पांघरलंय. एक पोरगं ट्रॉलीच्या फाळक्यावर बसून माश्या हाकलतंय. पाण्याच्या टाकीपाशी रांग आहे. रांगेतली लेकरं एकमेकांच्या मानेवर गार पाणी शिंपडतात आणि आयांच्या शिव्या खातात.

मी वैनींच्या शेजारी बसलेय. वैनी म्हणजे सगळ्या गल्लीची वैनी. नाव लिहायचं नाही, हे त्यांनी येतानाच बजावलंय. वय चाळिशीच्या आत. आठ महिन्यांपूर्वी पुण्यात त्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. तेव्हा काटा ११८ किलो दाखवत होता, परवा ८४ भरलं. ब्लाऊजला दोन्हीकडून टीप मारलीय, तरी दंडावर कापड ढिलंच आहे. मांडीवर एक कापडी पिशवी आहे. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलीय.

हंडी फुटते. दही-लाह्यांसाठी हात वर होतात, टाळ एकदम चढतात, आणि दुसऱ्या क्षणी सगळा मांडव जेवणाकडं वळतो. ताडपत्र्या झटकल्या जातात. पंगतीच्या रेघा आपोआप आखल्या जातात. कागदी पत्रावळ्या सरकत येतात, त्या उडू नयेत म्हणून प्रत्येकीनं कडेवर अंगठा ठेवलाय.

वाढपी पोरं येतात. बनियन, कमरेला उपरणं, हातात बादल्या. पळतच वाढायचं, हा इथला रिवाज. पोळी पत्रावळीवर ठेवत नाहीत, लांबून टाकतात. आमटीचा फटकारा पडतो. मागून बुंदीची टोपली येते. टोपलीवाल्याचा मान मोठा. त्याला "बास" म्हटलेलं ऐकू येत नाही.

वैनी पिशवीतून स्टीलची लहान वाटी काढतात, एक झाकणाचा डबा आणि चमचा. लहान बाळाला भरवायचा चमचा. डब्यात मुगाचं घट्ट वरण आणि पनीरचे बारीक तुकडे. पोळीचा चतकोर तोडून त्या त्याचाही निम्मा करतात. उरलेली पोळी शेजारच्या मुलीच्या पानात जाते.

त्यांचं बायपास झालंय. जठराचा वरचा भाग वेगळा करून त्याची अंड्याएवढी पिशवी केलीय. सुरुवातीला तिच्यात जेमतेम ३० मिलीलीटर मावायचं. खालचं आतडं कापून वर त्या पिशवीला जोडलंय. आता वाटीभर जातं, पण वीस मिनिटं लावून, घास पाणी होईस्तोवर चावून. जेवताना पाणी नाही. जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, म्हणून आधी मूग, आधी पनीर, मग जमलं तर पोळी. सप्ताहात हे सगळं कसं सांगायचं? इथं मिनिटाला दोन पोळ्यांच्या वेगानं जेवणं चाललीत.

"वैनी, बुंदी!"

वैनी पत्रावळीवर आडवा हात धरतात.

"प्रसादाला नाही म्हणत नसतात."

"तीन दाणे टाक."

पोरगं हसतं. मूठभर टाकून पुढं जातं. वैनी तीन दाणे बोटानं अलग करतात आणि बाकीचे कडेला सारतात. समोरच्या रांगेत नऊवारीतली एक म्हातारी हे सगळं बघतेय. सुरकुतलेलं तोंड, गळ्यात माळ, हातात आमटीत बुडवलेली पोळी.

"दाणे मोजून खायलीस व्हय गं?"

"डॉक्टरनं सांगितलंय, मावशी."

"कशाचं डॉक्टर? आमी बाहत्तरला खडी फोडली. सुकडी खाऊन दीस काढले. आमी फुकटात उपाशी राहिलो, तू पैसे भरून राहायलीस!"

सगळी रांग हसते. वैनीपण हसतात. म्हातारीच्या बोलण्यात विष नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर ज्यांनी सुकडीसाठी रांग लावली, त्यांच्यापुढं कमी खाण्याचं कौतुक कसं सांगणार? या भागात अंगानं भरलेली बाई म्हणजे खात्यापित्या घरची. वाळलेली बाई म्हणजे दुखणाईत, नाहीतर सासुरवास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांत २४ जणींचं वजन जास्त निघालं आणि जवळपास १९ जणी हव्या त्याहून हडकुळ्या. या ताडपत्रीवर दोन्ही मांडीला मांडी लावून बसल्यात.

हसू ओसरतं, तेवढ्यात वैनींचा चमचा थांबतो.

मला कळतं, कारण त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलाय आणि तो थरथरतोय. डावा हात छातीशी जातो. पदराखालून त्या मनगटावरचं घड्याळ बघतात. १२.५५.

"व्हायलंय?" मी विचारते.

मान हलते. बोलत नाहीत. ओठ पांढरे पडलेत. मागून आमटीची दुसरी बादली येतेय, पोरगं "आमटी, आमटी" ओरडतंय, भोंग्यावर कुणीतरी देणगीदारांची नावं वाचतंय. वैनी दोन्ही पाय ताडपत्रीवर घट्ट रोवतात. नजर वर. मांडवाचे बांबू मोजणं सुरू होतं. ओठ हलतात म्हणून कळतं. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. कोपऱ्यात अजून एक पोरगं एकटंच टाळ वाजवत बसलंय. थोड्या वेळानं बघते तर श्वास त्या टाळावर बसलाय.

१२.५८.

"बुंदीचा दाणाही अजून तोंडात गेलेला नाही," त्या पुटपुटतात. मला नव्हे, स्वतःला. "ही दुसरी."

धडधडी दोन आहेत, हे वैनींना आता माहीत झालंय. एक पोटातून येते. बायपासनंतर गोड जास्त गेलं की ते जठरात न थांबता धाडकन आतड्यात उतरतं. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, आडवं पडावंसं वाटतं. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. कधी ते उशिरानं येतं, एक ते तीन तासांनी: साखर एकदम खाली जाते, हात कापतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि दुसरी धडधड डोक्यातून येते. तिला साखर लागत नाही. चारचौघांची नजर पुरते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. आतून भोगणाऱ्यालासुद्धा. फरक सांगायला घड्याळ हाताशी लागतं.

१.१० ला वैनी तीनांपैकी एक दाणा तोंडात टाकतात. सावकाश चावतात. पंगत उठलीय. बाया कोपरापर्यंत हात धुतायत. दुसऱ्या पंगतीला बसायला लोक आमच्या पाठीशी उभेच आहेत, त्यांची पावलं आमच्या पदराला लागतात. वैनी उठत नाहीत. वाटीतले शेवटचे दोन चमचे संपवूनच उठतात.

दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलंय. डांबर चपलेला चिकटतं. किल्ल्याच्या बाजूनं आम्ही भिंतीच्या सावलीसावलीनं चालतो. धर्मापुरीचा हा भुईकोट. तटात मधेच एखादा नक्षीचा दगड येतो, कुठल्यातरी जुन्या देवळाचा, आडवातिडवा बसवलेला. वैनी चालताना त्यावर हात ठेवतात. दम लागलेला नाही. वर्षामागं हाच रस्ता त्या तीनदा थांबत चढायच्या, असं त्या सांगतात. गुडघ्याचं दुखणं निम्म्यावर आलंय, साखरेची एक गोळी बंद झालीय.

केदारेश्वराच्या देवळात पाऊल टाकलं की अंगाची काहिली कमी होते. चालुक्यकाळातलं हे देऊळ. दगडी खांब, आत काळोख, वटवाघळांचा उग्र वास. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी उभ्या आहेत, कमरेत वळलेल्या, कुणाचा हात गेलाय, कुणाचं नाक. आम्ही ओट्यावर सावलीत बसतो.

"यांचं बरंय," वैनी भिंतीकडं बघून म्हणतात, "दगडाच्या आहेत, मापात राहतेत."

मग वही निघते. शाळेची, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. पुण्यातल्या समुपदेशक बाईंनी लावून दिलेली सवय. पानावर तीन रकाने: किती वाजता, काय खाल्लं, काय झालं. आजची नोंद त्या माझ्यासमोरच करतात. अक्षर गोल आणि दाबून काढलेलं.

१२.४०, मूग वरण पाच चमचे, पनीर दोन तुकडे, पोळी अर्धा चतकोर. १२.५५, धडधड, हात गार. पोटात कळ नाही, अंधारी नाही. १.१०, गेली. शेवटी कंसात: मावशी बोलल्या.

मागची पानं त्या मला चाळू देतात. सुरुवातीच्या महिन्यात पातळ पेज, गाळलेलं वरण, ताक. तिथं तिसऱ्या रकान्यात जवळजवळ रोज एकच शब्द आहे, 'टाके'. टाके सुटतील ही भीती. खोकला आला तरी पोट दाबून धरायच्या. ती भीती अगदीच बिनबुडाची नसते. पहिल्या दिवसांत जोडाच्या जागी गळती होऊ शकते, आणि तेव्हा न थांबणारी धडधड, ताप, पोटातलं दुखणं, श्वास लागणं अंगावर काढायचं नसतं, सरळ दवाखाना गाठायचा असतो. वैनींना ते बजावून सांगितलं होतं. पण सांगितलं कितीही, तरी रात्री दोनला पुणं लांबच असतं. दोनदा गाडी करून गेल्या. दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं, आणि गाडीभाड्यावरून घरात बोलणी बसली.

चौथ्या महिन्यात 'टाके' कमी होतं, 'केस' सुरू होतं. विंचरताना हातात झुबका येतो. भराभर वजन उतरलं की तीन ते सहा महिन्यांत असं होतं आणि पुढं बहुतेक भरून येतं, पण वेणी अंगठ्याएवढी राहिलेल्या बाईला 'बहुतेक' पुरत नाही. पुढं 'वजन १ किलो वाढलं' असं एक पान लाल पेनानं लिहिलंय. त्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी गिचमिड आहेत. काटा रोज चार-चार वेळा बघायच्या. शेवटी नवऱ्यानं काटा उचलून शेजारी ठेवला. आता आठवड्यातून एकदा, सकाळी, शेजारी जाऊन.

मी विचारते, ऑपरेशनआधी भीती नव्हती?

"होती की. वाटायचं, बारीक झाले की जाईल." वैनी वहीवरची माती झटकतात. "चौतीस किलो गेलं. ही जशीच्या तशी."

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांना दहा वर्षांनी गाठून विचारलं. तब्येतीबद्दलचं स्वतःचं मत, लोकांत मिसळणं, उदासपणा, या बाबतीत ती माणसं ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा बरी होती. चिंतेच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मी हे वैनींना सांगते. त्यांना वाईट वाटेल अशी माझी अटकळ होती. त्या उलट सैल होतात.

"म्हंजी माझ्या एकटीचंच चुकलेलं नाही."

फोनमध्ये त्यांनी एक नंबर 'मावसबहीण' या नावानं ठेवलाय. १४४१६. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची, फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री ओसरीवर येऊन त्या हळू आवाजात बोलतात. सासूबाईंना वाटतं मावसबहीण फार जीव लावते.

चारच्या सुमारास आम्ही गावात परततो. मांडव अर्धा उतरलाय. कुत्री पत्रावळ्या ओढतायत. एका ओट्यावर चार बाया हरभरा निवडत बसल्यात. त्यांतली एक वैनींना थांबवते.

"लई उतरलीस गं. पिशवी काढली का?"

"नाही, पोटाचं."

"तेच की. पिशवीच ना?"

बीड जिल्ह्यात बाईचं ऑपरेशन म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाशयांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गेला, समिती बसली, ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ओट्यावरच्या चौघींत दोघी त्यातल्याच आहेत. एक सांगते, काढल्यापासून रात्री छातीत कालवतं, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही. कुणाला दाखवलं का? ती हसते. "काढून टाकलं म्हणल्यावर आता दाखवायचं काय?"

वैनी तिथं टेकतात. आपलं कोणतं ऑपरेशन झालं ते समजावणं त्यांनी सोडून दिलंय. हरभऱ्यातले खडे वेचता वेचता त्या त्या बाईला चार-सहाचा श्वास दाखवतात. बाई दोनदा करते, तिसऱ्यांदा तिला हसू फुटतं, सगळ्याच हसतात. मग ती पुन्हा करते.

एसटी थांब्यावर जाताना औषधाचं दुकान लागतं. वैनींची यादी ठरलेली: कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ चं इंजेक्शन. बायपासनंतर हे जन्मभर चालतं. आतड्याचा जो भाग लोह आणि कॅल्शियम शोषून घेतो, त्यातला बराचसा आता अन्नाच्या वाटेतच येत नाही; बी-१२ शोषायला मदत करणारा जठराचा भागही बाजूला पडलाय. बी-१२ घटलं तर हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, चिडचिड, आणि हो, घाबरंघुबरं वाटणंसुद्धा. म्हणजे भीती कुठून आली हे शोधायला घड्याळाच्या जोडीला रक्ताचा रिपोर्टही लागतो. त्यासाठीच त्या आज अंबाजोगाईला बहिणीकडं मुक्कामाला चालल्यात. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय.

दुकानदार ओळखीचा आहे. "गुडघ्याला देऊ का गोळी? एकदम फरक पडतो." वैनी पाकिटातून एक जुनाट कार्ड काढून काउंटरवर ठेवतात. त्यावर लिहिलंय की बायपास झालेला आहे, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या देऊ नयेत, जोडाच्या जागी अल्सर होतो. दुकानदार चष्मा वर करून वाचतो. पॅरासिटामॉलची पट्टी पुढं करतो.

थांब्यावरच्या शेडचा पत्रा तापून कडकड वाजतोय. बाकड्यावर जागा नाही, लोक पिशव्यांवर बसलेत. सप्ताहाला आलेल्या लेकी सासरी परत चालल्यात. प्रत्येकीच्या हातात प्रसादाची पुडी आहे. गाडी पाचची. साडेपाच झालेत. एक जण मोटारसायकलवरून येऊन सांगतो की गाडी मागच्या फाट्यावर दिसली होती. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तरी सगळे उभे राहतात.

वैनी पिशवीतून भाजलेल्या चण्यांची पुडी काढतात. चार तासांत पोटात काही गेलेलं नाही, आणि साखर खाली गेली तर गाडीत पंचाईत. एकेक चणा. बाजूला कॉलेजातली एक मुलगी उभी आहे, अंगानं थोराड, ओढणी पुढं ओढून घेतलेली. मघापासून ती वैनींकडं बघतेय. शेवटी धीर करून जवळ येते.

"काकू, ते ऑपरेशन तुमचंच झालंय ना? आईनं सांगितलं."

"झालंय."

"दुखतं का?"

"आठ-दहा दिवस."

"मग सगळं नीट होतं?"

वैनी चणा चावून संपवतात. त्याला वेळ लागतो. मुलगी थांबते.

"किती वजन हाय तुझं?"

मुलगी इकडंतिकडं बघून आकडा सांगते. वैनी मान डोलावतात, नवल दाखवत नाहीत. आधी डॉक्टरनं लागतं म्हणायला पाहिजे, म्हणतात. आणि मनाच्या डॉक्टरकडंही आधीच जायचं असतं, मी नुसती सही करून आले होते. मग पिशवीतून वही काढून तिच्या हातात देतात.

"हे वाच. दुखण्याचं पहिल्या चार पानांत हाय. बाकीचं पुढं."

मुलगी उभ्यानंच पानं उलटू लागते. बोट रकान्यावरून खाली सरकतं. धुरळा उडवत गाडी येते. दारापाशी झुंबड उडते, खिडकीतून टोप्या आणि रुमाल आत पडतात, कंडक्टर "आधी उतरू द्या, उतरू द्या" म्हणून घसा कोरडा करतो. मुलगी वही मिटून वैनींपुढं धरते.

"राहू दे. कुठं उतरायचंय तुला?"

"घाटनांदूरला."

"मग गाडीत वाच. लाल पेनाचं पान सोडू नको."